चौसष्ट घरं (लेखांक ६) : गप्प बसायचा हुद्दा

आमच्या नरसीत पारावर बुद्धिबळाचा पट मांडला, की खेळणारे दोन आणि खेळवणारे सहा. ‘वजीर काढ’, ‘घोडा मागं घे’ असा कालवा चालतो आणि शेवटी कुणीतरी चिडून सोंगट्या उधळून उठतो. मागच्या लेखात ग्रँडमास्टर किताबासाठी एरवी २५०० मानांकन आणि तीन नॉर्म लागतात, ते पाहिलं. आज किताबानंतरचं पाहू. पटावरचं सगळं दिसतं, पण तोंड उघडायची सोय नाही, अशा माणसाचं.

पुण्याचे अभिजित कुंटे १९९७ साली राष्ट्रीय विजेते झाले आणि २००० मध्ये ग्रँडमास्टर. विश्वनाथन आनंद, दिव्येंदू बरुआ आणि प्रवीण ठिपसे यांच्यानंतरचे भारताचे चौथे. म्हणजे पहिल्या चौघांत दोघे मराठी, हे आपण फारसं मिरवत नाही! २००३ मध्ये कुंट्यांनी एडिंबरोत ब्रिटिश अजिंक्यपद पटकावलं. आदल्या वर्षी तेच विजेतेपद चेन्नईच्या आर. बी. रमेश यांनी नेलं होतं. २००४ पासून ही स्पर्धा ब्रिटिश आणि आयरिश खेळाडूंपुरती राहिली. गंमत म्हणजे हे दोघेही पुढे शिकवण्याकडे वळले. प्रज्ञानंद आणि वैशाली ही भावंडं घडली ती रमेश यांच्या हाताखाली.

आमच्या नरसीच्या नामदेवांच्या डोक्यावर गोरोबाकाकांनी थापटणं मारलं, कच्चं मडकं ठरवलं आणि मग नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, ही गोष्ट आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ असते. भक्ती होती, गुरू नव्हता. कुंटे वाढत होते तेव्हा देशात ग्रँडमास्टर एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेसुद्धा नव्हते. शिकवायला ग्रँडमास्टर आणायचा कुठून? या पिढीनं पुढच्यांचं विसोबापण घेतलं, ते एवढ्यासाठी मला मोठं वाटतं.

आता बुद्धिबळ ऑलिंपियाडमधल्या महिला संघाच्या कप्तानाचं काम, जे पुढे कुंट्यांकडे आलं. संघात पाच जणी, खेळतात चौघी. कोण कितव्या पटावर हा क्रम स्पर्धेआधीच ठरतो, मधे बदलता येत नाही. फेरीगणिक कप्तानाच्या हातात उरतं एकच : आज कुणाला पटावर बसवायचं. डाव सुरू झाल्यावर खेळाडूनं विचारलं, तर ‘बरोबरी घे’ किंवा ‘खेळत राहा’ असं मोजकंच तो सांगू शकतो. पटावरच्या स्थितीबद्दल अवाक्षर नाही. आमच्या पारावरचे सहाच्या सहा तिथं पहिल्याच दिवशी बाहेर काढले जातील.

कुंटे भारताच्या महिला संघाचे कप्तान होते २०२२ मध्ये, महाबलीपुरमला. शेवटच्या फेरीआधी संघ आघाडीवर होता. अमेरिकेनं ३–१ नं हरवलं आणि सुवर्ण हुकून कांस्य हाती आलं.

२०२४ ला बुडापेस्ट, कप्तान पुन्हा कुंटेच. पहिल्या सातही लढती जिंकल्या आणि आठव्या फेरीत पोलंडनं अडवलं. पहिल्या पटावरची द्रोणावल्ली हरिका सूर हरवून बसली होती, त्या दिवशीही ती हरली. २००४ पासून ऑलिंपियाड खेळणारी ही खेळाडू. पारावर असती तर आम्ही तिला केव्हाच उठवलं असतं. नवव्या फेरीत अमेरिकेशी बरोबरी झाली ती वंतिका अगरवालनं आयरिना क्रशला नमवलं म्हणून. दहाव्यात चीनविरुद्ध तीन डाव बरोबरीत सुटले, एकटी दिव्या देशमुख जिंकली आणि तेवढ्यावर २.५–१.५. अखेरच्या फेरीत अझरबैजानसमोर पहिल्या पटावर पुन्हा हरिकाच होती. ती जिंकली, दिव्या आणि वंतिका जिंकल्या, वैशालीचा डाव बरोबरीत सुटला. ३.५–०.५. भारतीय महिलांचं ऑलिंपियाडमधलं हे पहिलं सुवर्ण. हरिकाला पुन्हा पहिल्या पटावर खेळवणं ही कुंट्यांची त्या स्पर्धेतली सर्वांत भारी चाल, असं माझं मत. ती कुठल्याही पटावर नोंदलेली नाही.

कुंट्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला २०२१ चा, म्हणजे या दोन्ही पदकांच्या आधीचा.

नागपूरच्या दिव्यानं बुडापेस्टला तिसऱ्या पटाचं वैयक्तिक सुवर्णही घेतलं आणि जुलै २०२५ मध्ये बाटुमीत कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. त्याच विजयानं तिला थेट ग्रँडमास्टर केलं. पुढच्या रविवारी तोच सामना मांडणार आहोत. घरात पट असेल तर सोंगट्या लावून ठेवा, आणि शेजारी बसणाऱ्याला आधीच गप्प बसायला सांगा.