धाब्याखालचे धुळे

धुळ्यात पत्ता सांगताना माणूस गल्लीचा आकडा सांगतो. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणे केले आणि सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली. त्याच शिस्तीचा हा वारसा.

आखणी साहेबाची असली, तरी घर मात्र खानदेशाचेच राहिले. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या वा काटक्या आणि मातीचा जाड थर, हे धाबे. रस्त्यावरून दिसतो तो ओटा. शिडीने वर चढणाऱ्यालाच तिथली दुसरी वस्ती कळते. उन्हाळ्यात तेथे बिबड्या नि पापड वाळतात, रात्री अंथरुणे पडतात आणि शेजारणींच्या गोष्टी कठड्यावरून चालतात.

पारा 44-45 अंशांवर जातो, तेव्हा मातीचा हा थर ऊन सहजी घरात उतरू देत नाही. सिमेंटचा स्लॅब मात्र दिवसभर तापून रात्री तीच धग खाली सोडतो. तरीही घरोघर स्लॅब पडतो आहे. त्याबद्दल रहिवाशांना बोल लावणे सोपे आहे. पण मृगापूर्वी दरसाल धाब्यावर पांढरी माती चढवून चोपणारे जाणते हात आहेत कुठे? गळक्या छताखाली बसून परंपरेचे गोडवे कोण गाणार?

जळगावात बहिणाबाई चौधरींचा वाडा स्मारक म्हणून राखला गेला, हे योग्यच झाले. परंतु घर टिकण्यासाठी त्यात कवयित्रीच राहून गेलेली असावी काय? धुळ्याच्या महापालिकेने धाबे दुरुस्त करणाऱ्यास घरपट्टीत सूट द्यावी आणि उरलेल्या जाणत्यांकडून हे काम नव्या गवंड्यांना शिकवून घ्यावे. तेही येत्या मृगाआधी.