तोरणमाळ : पाण्याच्या मागाने एक सहल

महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला, नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या माथ्यावर तोरणमाळ वसले आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १,१५० मीटर असून राज्यातील थंड हवेच्या ठिकाणांत महाबळेश्वरच्या खालोखाल त्याचे नाव घेतले जाते. तथापि महाबळेश्वर किंवा माथेरान पाहिलेला प्रवासी येथे आला म्हणजे प्रथम थोडा बुचकळ्यात पडतो. येथे गजबजलेली बाजारपेठ नाही आणि प्रेक्षणीय स्थळे मोजकीच आहेत. एका दिवसात सारे पाहून झाले, असे म्हणून तो परततो. वस्तुतः ही स्थळे सुटी सुटी पाहावयाची नव्हेत. खडक, पाणी, श्रद्धा आणि माथ्यावरील माणसांचे जीवन यांना जोडणाऱ्या एकाच साखळीचे ते दुवे होत. ती साखळी ध्यानात घेतली, तर साधी सहलदेखील उत्तम शिक्षण ठरते.

घाटाच्या पायऱ्या

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नंदुरबार स्थानकापासून शहादा आणि तेथून म्हसावद, राणीपूर, काळापाणी अशा मार्गाने तोरणमाळला जाता येते. शहाद्यापासूनचे अंतर ५० ते ५५ किलोमीटर आहे. तापीकाठची केळी, ऊस आणि कापसाची शेते मागे पडतात आणि रस्ता वळणे घेत वर चढू लागतो. या घाटाचे नाव ‘सातपायरी’. हे नाव किती अन्वर्थक आहे, हे समोरच्या डोंगरांकडे पाहताच कळते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वारंवार बाहेर पडलेल्या लाव्हारसाचे थर एकावर एक साचले. त्यांची झीज कमीअधिक प्रमाणात झाल्याने डोंगरउतारांना पायऱ्यांचा आकार आला. भूशास्त्रात या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात आणि त्या शब्दाचे मूळ उत्तर युरोपातील भाषांमध्ये ‘जिना’ या अर्थाच्या शब्दात आहे. दूरदेशीच्या शास्त्रज्ञांना जे दिसले, तेच घाटाला नाव देणाऱ्या येथील माणसालाही दिसले होते.

घाट चढताना हवेतील बदल अंगाला जाणवतो. साधारणपणे दर हजार मीटर उंचीला तापमान सुमारे साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. पायथ्याच्या सपाटीपेक्षा माथा जवळजवळ एवढाच उंच असल्याने, शहाद्यास उन्हाने जीव कासावीस होत असतानाही तोरणमाळची संध्याकाळ सुखद असते. विद्यार्थ्यांनी पायथ्याशी आणि माथ्यावर तापमापकाची नोंद घेतली, तर पुस्तकातील हा नियम त्यांच्या कायमचा लक्षात राहील.

तलाव आणि खाई

माथ्यावर पोहोचताच विस्तीर्ण यशवंत तलाव दृष्टीस पडतो. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या नावाने तो ओळखला जातो. एवढ्या उंचीवर एवढा जलसाठा कसा, असा प्रश्न सहजच पडतो. माथा बशीसारखा खोलगट असल्याने सभोवारच्या टेकड्यांवरील पाऊस येथे एकवटतो. जवळच कमळांनी भरलेला लहानसा कमळ तलाव आहे.

गोरखनाथांचे मंदिर आणि त्यांचे गुरू मच्छिंद्रनाथ यांची गुंफा ही येथील श्रद्धास्थाने होत. महाशिवरात्रीच्या यात्रेस महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश व गुजरातमधूनही भाविक येतात. निवांतपणा हवा असणाऱ्यांनी ते दिवस टाळावेत. लोकजीवन जाणू इच्छिणाऱ्यांनी मात्र ते मुद्दाम साधावेत.

पावसाळ्यात तलाव भरून वाहू लागला, की जादा पाणी सीताखाई या खोल दरीत कोसळते. कड्यापासून सुरक्षित अंतर राखून येथे हाक मारली असता समोरच्या भिंतीवरून ती परत येते. हा चमत्कार नव्हे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. हाक आणि प्रतिध्वनी यांमधील सेकंद मोजून त्यांस १७० ने गुणले, की समोरच्या कड्याचे अंतर मिळते. शाळेच्या सहलीस याहून स्वस्त प्रयोगशाळा सापडणार नाही.

तलाव आणि खाई यांचे हे नाते आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवले पाहिजे. तलावाच्या काठी फेकलेली प्लॅस्टिकची बाटली पहिल्या मोठ्या पावसात खाईत जाते आणि तेथून ओढ्यावाटे खालच्या वस्त्यांकडे. सहल एका दिवसात संपते. पाणी मात्र तेच राहते.

पायवाटा कोणाच्या?

खडकी पॉइंटवर उभे राहिले म्हणजे सातपुड्याच्या रांगा एकीमागून एक उत्तरेकडे नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरत गेलेल्या दिसतात. प्रवासी येथे छायाचित्र काढतो. परंतु समोरच्या उतारांवरील पायवाटा हौशी गिर्यारोहकांनी पाडलेल्या नाहीत. त्या पावरा आणि भिल्ल बांधवांच्या पाड्यांच्या वाटा आहेत. अक्राणीच्या दुर्गम पाड्यांतून रुग्णाला बांबूच्या झोळीत घालून आणावे लागल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांतही आल्या आहेत. म्हणून येथील रस्ता, पूल किंवा दूरध्वनी मनोरा यांचा विचार पर्यटनाची सोय एवढ्यापुरता करून भागणार नाही. या सोयी पर्यटकाचा वेळ वाचवतात. पाड्यावर त्या जीव वाचवतात.

या वाटांवरील ज्ञानही मोलाचे आहे. ‘तोरण’ नावाच्या काटेरी रानझुडपावरून गावाचे नाव पडले असे सांगतात. कोणी ते तोरणादेवीशी जोडतात. उन्हाळ्यात या झुडपाला पांढरी, खाण्याजोगी फळे येतात. मोह, चारोळी, आवळा यांच्या पावरी व भिली नावांची आणि उपयोगांची माहिती येथील मुलांना घरूनच असते. शिक्षकांनी सहलीत स्थानिक शाळेच्या मुलांना वाटाडे म्हणून सोबत घेतले, तर शहरातून आलेली मुले श्रोते होतील आणि पाड्यावरील मूल शिकवणारे होईल. उन्हाळ्यात धडगाव परिसरात कैरीच्या फोडी वाळवून आमचूर करण्याचे काम चालते. होळीपूर्वी भोंगऱ्या बाजार भरतात. ही दोन्ही दृश्ये कोणत्याही पॉइंटपेक्षा कमी प्रेक्षणीय नाहीत.

परतीच्या वाटेवर

वेळ असल्यास शहादा तालुक्यातील उनपदेवचा गरम पाण्याचा झरा पाहावा. भूगर्भात खोलवर मुरलेले पाणी तेथील उष्णतेने तापून भेगांवाटे वर येते. तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे हे तीर्थक्षेत्र आहेच, शिवाय १९५४-५५ मधील उत्खननात तेथे ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे अवशेष मिळाले. माथ्यावरच्या पावसापासून सुरू झालेली सहल अशी नदीकाठी पूर्ण होते.

ग्रामसभेचे स्थान

अक्राणी तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने आणि राज्याने २०१४ मध्ये केलेल्या नियमांनी येथील ग्रामसभांना व पंचायतींना लहान जलाशय, गौण वनोपज व बाजार यांबाबत महत्त्वाचे अधिकार दिले आहेत. आपल्या परंपरा व सामूहिक साधनसंपत्ती यांचे जतन करण्याचा ग्रामसभेचा अधिकारही या कायद्याने मान्य केला आहे. म्हणून वाहनतळ कोठे असावा, तलावाकाठी काय चालावे व काय चालू नये, वाटाड्याचे काम कोणास मिळावे, हे प्रश्न प्रथम ग्रामसभेसमोर यावेत. अधिकाऱ्यांनी आराखडा तयार करून मग संमती मागण्याऐवजी संमतीपासूनच आराखड्याला आरंभ करावा.

तोरणमाळचे वेगळेपण त्याच्या शांततेत आणि पाण्यात आहे. पाहुण्यांची संख्या वाढावी, ही अपेक्षा रास्तच होय. मात्र त्या वाढीबरोबर तलाव निर्मळ राहिला आणि पायवाटेवरील माणसाच्या हाती चार पैसे व हक्काचा रस्ता आला, तरच तिला विकास म्हणता येईल.