गिअरबॉक्सचे ऑइल आणि प्लगचे वॉशर

मॅन्युअल गिअरच्या गाडीत इंजिनाचे ऑइल वेगळे आणि गिअरबॉक्सचे वेगळे. इंजिन ऑइल दर सर्व्हिसिंगला बदलले जाते आणि बिलात दिसते, म्हणून ते लक्षात राहते. गिअर ऑइल मात्र गाडी विकेपर्यंत तेच राहिल्याचेही आढळते. त्याला ज्वलनाची काजळी लागत नाही, त्यामुळे ते जास्त टिकते हे खरे. पण बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्सना फिल्टर नसतो. दात एकमेकांवर घासून जी धातूची पूड सुटते, ती त्याच दीड-दोन लिटर तेलात फिरत राहते. सकाळी थंड गाडीत दुसरा गिअर अडून पडणे किंवा खालचा गिअर टाकताना खरखर होणे, ही बऱ्याचदा जुन्या किंवा चुकीच्या ऑइलची लक्षणे असतात.

चुकीच्या ऑइलचा मुद्दा दुय्यम नाही. गिअर बदलताना दोन भागांचा वेग जुळवण्याचे काम सिंक्रोमेशच्या रिंगा करतात. १९२८ साली कॅडिलॅकने ही रचना मोटारीत आणली आणि चालकाची डबल क्लच दाबण्याची कसरत हळूहळू संपली. या रिंगा बहुधा पितळेच्या असतात आणि त्या घर्षणावर चालतात. म्हणजे ऑइल दातांपुरते निसरडे हवे, पण रिंगेची पकड सुटेल इतके नको. डब्यावर एपीआय जीएल-४ किंवा जीएल-५ असे लिहिलेले असते. जीएल-५ मध्ये दाब सोसणारी गंधक-फॉस्फरसयुक्त रसायने साधारण दुप्पट असतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या डिफरन्शिअलला ती लागतात. पण पितळी रिंगांच्या गिअरबॉक्समध्ये तेच ऑइल घातले तर रिंग घसरू शकते आणि काही ऑइलमधली रसायने पितळ खातातही. आकडा मोठा म्हणून ऑइल भारी, हा हिशेब इथे चालत नाही. दाटपणा ७५डब्ल्यू-८० की ८०डब्ल्यू-९०, जीएल-४ की जीएल-५, किती लिटर आणि किती किलोमीटरनंतर, या चारही गोष्टी गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्याव्यात.

एका प्रसंगात मात्र किलोमीटर पाहायचे नसतात. गिअरबॉक्सला हवा आत-बाहेर करणारी एक छोटी नळी असते. तापलेला गिअरबॉक्स साचलेल्या पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि त्या नळीतून पाणी ओढले जाऊ शकते. जुलै २००५ मध्ये मुंबईत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीचे गिअर ऑइल पाहावेच लागते. ते दुधाळ झाले असेल, तर गाडी न चालवता ते बदलणे हाच उपाय.

कामासाठी जागा सपाट आणि टणक हवी. गाडीसोबत मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही जाऊ नये. विटाही नकोत, कारण वीट भार पेलते आणि एका क्षणी फुटते. लोखंडी स्टँड वापरावेत, उचलताना जमिनीवर असलेल्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, आणि गाडी चारही बाजूंनी समपातळीत उचलावी, कारण ऑइलची पातळी त्यावरूनच ठरणार असते. आधी दहा-पंधरा मिनिटे गाडी फिरवून आणली की ऑइल पातळ होते आणि गाळ सोबत घेऊन उतरते.

गिअरबॉक्सला दोन प्लग असतात: बाजूला वर फिलर, तळाला ड्रेन. आधी फिलर उघडायचा. हा क्रम मोडला तर काय होते, ते पाहण्यासारखे आहे. ड्रेन उघडून ऑइल काढले आणि मग वर्षानुवर्षे न हललेला फिलर जाम निघाला, त्याचे डोके झिजून पाना फिरू लागला, तर गिअरबॉक्स रिकामा आणि भरायला वाट नाही. गाडी टो करूनच गॅरेजमध्ये न्यावी लागते. फिलर आधी सुटला की पुढचे सारे काम निर्धास्त होते. पानाही अचूक मापाचाच हवा. कित्येक होंडा गाड्यांत फिलरला १७ मिलिमीटरचा पाना लागतो, तर ड्रेनच्या डोक्यात चौकोनी खाच असते आणि तीत रॅचेटचे टोक थेट बसते.

ड्रेन सुटल्यावर धार संपून थेंब मंदावेपर्यंत थांबावे. पुष्कळ ड्रेन प्लगच्या टोकाला चुंबक असते. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप दिसला तर ती नेहमीची झीज. बोटांत चुरचुरणारे तुकडे किंवा दाताची कपची निघाली, तर नवे ऑइल भरून ते दुखणे जाणार नाही. ऑइलमध्ये सोनेरी चमक दिसली, तर पितळी रिंगा झिजत असण्याची शक्यता असते.

आता वॉशर. या कामात सर्वांत स्वस्त वस्तू हीच आणि सर्वांत जास्त वेळा टाळली जाते तीही हीच. अशा प्लगचे सरळ आटे प्लगला धरून ठेवतात, ऑइल अडवत नाहीत. आट्यांमधून ऑइल सावकाश बाहेर झिरपतेच. त्याला अडवतो तो प्लगचे डोके आणि गिअरबॉक्सचा पृष्ठभाग यांच्यामध्ये दाबला जाणारा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर. प्लग आवळला की हा मऊ धातू किंचित चपटा होतो आणि दोन्ही पृष्ठभागांवरच्या बारीक ओरखड्यांत शिरून बसतो. एकदा असा चेपला गेलेला वॉशर पुन्हा वापरला, तर त्याचे जुने खळगे नव्या जागी जुळत नाहीत. तांबे तर दाबाने कठीणही होते. जुने मेकॅनिक तांब्याचा वॉशर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकतात. त्याने तांबे खरोखरच पुन्हा मऊ पडते. दुर्गम ठिकाणी ही युक्ती उपयोगी आहे, पण नवा वॉशर हाताशी असताना तिची गरज नाही.

जुना वॉशर नेहमी प्लगसोबत निघतोच असे नाही. तो गिअरबॉक्सच्या पृष्ठभागाला चिकटून राहतो आणि काळ्या तेलात दिसत नाही. त्यावरच नवा बसवला तर दोन वॉशर एकावर एक येतात आणि ऑइल पाझरते. म्हणून कपड्याने पुसून, नखाने कड चाचपून पाहावी. वॉशर दोन्ही प्लगना नवे घ्यावेत आणि मापे तपासावीत. होंडाच्या त्याच गिअरबॉक्सना ड्रेनसाठी १४ आणि फिलरसाठी २० मिलिमीटरचा वॉशर लागतो. काही गाड्यांत प्लगचे आटेच निमुळते असतात. तिथे वॉशर नसतो, आट्यांना सीलंट लावतात.

नव्या वॉशरसह ड्रेन आधी हाताने फिरवून बसवावा आणि मग टॉर्क पान्याने आवळावा. वरच्या उदाहरणात ड्रेनला ३९ आणि फिलरला ४४ न्यूटन-मीटर सांगितलेले असतात. ३९ न्यूटन-मीटर म्हणजे पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण १६ किलोचा जोर. अंगातली सगळी ताकद लावली तर याच्या कितीतरी पुढे जाता येते. गिअरबॉक्सचे आवरण ॲल्युमिनियमचे असल्याने पोलादी प्लगपुढे त्याचेच आटे जातात. गळती थांबत नसेल तर वॉशर तपासावा, जोर वाढवू नये.

ऑइल भरायला लांब नळी आणि नरसाळे, किंवा हातपंप लागतो. बहुतेक गाड्यांत फिलरच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत ऑइल आले की पातळी पूर्ण. जास्तीचे बाहेर ओघळून थांबले की प्लग लावावा. ज्या गिअरबॉक्सची पातळी अशी पाहता येत नाही, तिथे पुस्तिकेतले माप मोजूनच घालावे. जास्त ऑइल सीलवर दाब आणते आणि तिथून ते क्लचपर्यंत पोहोचू शकते.

निघालेले ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नये. भारतात २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, पुनर्प्रक्रियेसाठी तेल देणाऱ्या गॅरेजकडे सोपवावे. मग गाडी थोडी फिरवून सगळे गिअर टाकून पाहावेत. दोन्ही प्लग पुसून कोरडे करावेत आणि दुसऱ्या दिवशी खाली पुठ्ठा ठेवून पुन्हा पाहावेत. ड्रेनभोवती ओल दिसली, तर ऑइल काढून वॉशर आणि त्याची बैठक पुन्हा तपासावी लागते.