1955 ची मालगाडी, टेबलावर

औरंगाबाद स्थानकाचं मॉडेल करायचं, त्याखाली साल 1955 लिहायचं आणि मालधक्क्यावर मोठ्या लाईनीची एक सुबक वाघीण (मालडबा) उभी करायची, म्हणजे मॉडेल तिथेच बाद. रंग उत्तम असेल, एकेक रिव्हेट जागच्या जागी असेल, तरी काही उपयोग नाही. 1955 साली ती वाघीण औरंगाबादला येऊच शकत नव्हती. मुंबईहून मनमाडपर्यंत ब्रॉडगेज होतं, म्हणजे दोन रुळांत 1676 मिलिमीटर अंतर. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारी लाईन मात्र मीटरगेज, 1000 मिलिमीटरची. मनमाडला एका लाईनीवरचा माल हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या लाईनीवरच्या वाघिणीत जायचा. वाघीण स्वतः मात्र ही हद्द ओलांडत नसे.

ही लाईन हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची. ती 1899 ते 1901 या काळात टप्प्याटप्प्याने खुली झाली आणि तिने मराठवाड्याची कपाशी मुंबईच्या बाजाराला जोडली. औरंगाबादला कापडाची गिरणी त्याआधीच, 1889 मध्ये, उभी राहिली होती. पण रेल्वे आल्यावर जिनिंगचे कारखाने भराभर निघाले. एकट्या जालन्यात नऊ जिनिंग आणि पाच प्रेस. औरंगाबाद जिल्ह्यातल्या या कारखान्यांत 1901 साली 1,016 माणसं कामाला होती, अशी तेव्हाची नोंद आहे. म्हणून औरंगाबादची मालगाडी करायची तर ती कपाशीच्या हंगामातली, जानेवारीतली असावी, असा माझा आग्रह. गाठी बंद वाघिणीत जात असल्याने टेबलावर त्या दिसणार नाहीत, ते सोडा. पण गाडीत बंद वाघिणी जास्त आणि उघड्या कमी हे प्रमाण त्या गाठीच ठरवतात.

साल 1955 का? कारण ते अडचणीचं आहे. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. मुंबई राज्यात तो 1 नोव्हेंबर 1956 ला आला. ही लाईन जिच्या ताब्यात होती ती निजाम स्टेट रेल्वे मात्र 5 नोव्हेंबर 1951 ला मध्य रेल्वेत विलीन झाली होती. मग 1955 च्या वाघिणीवर कोणाची अक्षरं हवीत?

नवशिका मॉडेलकार इथे सरळ उत्तर देतो. मालक मध्य रेल्वे, तर सगळ्या वाघिणींवर मध्य रेल्वे. कागदावर हे बरोबर आहे आणि रुळांवर चूक. मालक ज्या दिवशी बदलतो त्या दिवशी हजारो वाघिणी देशभर विखुरलेल्या असतात. कोणी ब्रश घेऊन त्यांच्यामागे धावत नाही. मोठ्या दुरुस्तीसाठी वाघीण कारखान्यात गेली की तिथे ती नव्याने रंगते. या भागातल्या वाघिणींचा असा कारखाना म्हणजे सिकंदराबादचं लालागुडा. समजा एका वाघिणीला दर चार वर्षांनी कारखाना दिसतो आणि वाघिणींच्या पाळ्या वर्षभर सारख्या विभागलेल्या आहेत. मग विलीनीकरणानंतर एका वर्षाने तीन चतुर्थांश वाघिणींवर जुनीच अक्षरं राहतात, दोन वर्षांनी निम्म्यांवर, आणि चौथं वर्ष संपता संपता एकही उरत नाही. हा हिशेब आदर्श आहे. प्रत्यक्षात दुरुस्त्या लांबतात, काही वाघिणी एखाद्या साइडिंगला विसरल्या जातात, म्हणून आलेखाला लांब शेपूट फुटतं. जानेवारी 1955 म्हणजे विलीनीकरणानंतर सव्वातीन वर्षं. वीस वाघिणींच्या गाडीत चारेक वाघिणींवर निजाम स्टेट रेल्वेची अक्षरं, तीही धुरकटलेली, हे अगदी विश्वसनीय चित्र आहे. वीसच्या वीस जुन्या असतील तर खोटं. वीसच्या वीस नव्या असतील तर त्याहून खोटं. काळ एकट्या वाघिणीत सापडत नाही, तो वाघिणींच्या प्रमाणात सापडतो.

पुराणवस्तुशास्त्रात नाण्यांच्या ठेव्याचं वय त्यातल्या सर्वांत नव्या नाण्यावरून काढतात. शंभर सातवाहन नाण्यांत मुघल काळातलं एक जरी निघालं, तरी तो ठेवा मुघल काळाआधी पुरलेला असू शकत नाही. मालगाडीला हाच नियम लागतो आणि तो एकतर्फी आहे. 1955 च्या गाडीत 1920 ची वाघीण चालते, कारण वाघिणी दशकानुदशकं धावतात. 1985 ची एक वाघीण मात्र चालत नाही. तिच्यामुळे अख्खी गाडी तीस वर्षं पुढे सरकते. म्हणून अनुभवी मॉडेलकार जुन्याच्या बाबतीत सैल असतो आणि नव्याच्या बाबतीत कमालीचा कडक.

आता दूरच्या वाघिणींचा प्रश्न. रेल्वे कंपन्या एकमेकींच्या वाघिणी वापरत आणि त्यांचं भाडं मोजत. त्यासाठीच 1900 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इंडियन रेल्वे कॉन्फरन्स असोसिएशन उभी राहिली. पण वाघीण परक्या लाईनीवर जायची तर तिथवर सलग रूळ हवेत, तेही त्याच गेजचे. सुरुवातीला गोदावरी व्हॅलीची लाईन मीटरगेजचं बेटच होती. मनमाडला ब्रॉडगेज, सिकंदराबादलाही ब्रॉडगेज. 1920 चं दशक संपता संपता सिकंदराबादहून दक्षिणेला जाणारी मीटरगेज कर्नूल-द्रोणाचलमकडच्या लाईनींना भिडली आणि मद्रास-दक्षिण मराठा रेल्वेच्या वाघिणींना इकडची वाट मोकळी झाली. उत्तरेकडचं दार खूप उशिरा उघडलं. हिंगोलीहून खांडव्याकडे जाणारा मीटरगेज दुवा 1960 च्या आसपास पुरा झाला. तेव्हा औरंगाबादच्या 1955 च्या गाडीत दक्षिण रेल्वेची एखादी वाघीण शोभेल, तिच्यावर जुनी मद्रास-दक्षिण मराठाची अक्षरं असतील तर अधिकच शोभेल. पश्चिम रेल्वेची, अजमेरकडची वाघीण नको. हीच गाडी 1965 ची केली तर तीही चालेल. आणि ‘दम’, म्हणजे दक्षिण मध्य, ही अक्षरं दाखवायची असतील तर 2 ऑक्टोबर 1966 नंतरचंच साल घ्यावं लागेल. तो विभाग त्या दिवशी अस्तित्वात आला. नकाशा वाचल्याशिवाय ब्रश उचलू नये, ते यासाठी.

बारीक अक्षरांतही काळ असतो. प्रत्येक वाघिणीवर तिचं रिकामं वजन लिहिलेलं असतं. भारतात मेट्रिक वजनं 1958 पासून टप्प्याटप्प्याने आली. म्हणजे 1955 च्या वाघिणीवर टन, हंड्रेडवेट आणि क्वार्टर हवेत. दशांश चिन्ह दिसलं की संपलं. हे आकडे टेबलावर अर्ध्या मिलिमीटरचे असतात आणि भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. तरी भिंग घेऊन येणारे पाहुणे असतात, आणि ते नेमके तेवढंच वाचतात.

यांत्रिक भागांत मला सर्वांत बोलकं वाटतं ते कपलिंग. जुन्या ब्रॉडगेजला दोन बाजूंना दोन बफर आणि मध्ये स्क्रू कपलिंग; मीटरगेजला मधोमध एकच बफर आणि त्यावर पडणारा आकडा. दुरून पाहूनही गेज ओळखता येतं ते यामुळे. मग चाकाशेजारची ॲक्सल बॉक्स. 1955 च्या साध्या बेअरिंगला तेलात भिजलेल्या सुती धाग्यांच्या बोळ्यातून वंगण मिळे. बोळा सुकला की ॲक्सल तापे आणि वाघीण गाडीतून काढावी लागे. रोलर बेअरिंगची पेटी वेगळी दिसते आणि ती वाघिणींत हळूहळू, नंतर आली. ब्रेकचंही तसंच. व्हॅक्यूम ब्रेकला काम करायला वातावरणाचाच दाब मिळतो, चौरस सेंटिमीटरला जेमतेम एक किलो, तोही पुरता नाही. एअर ब्रेकच्या नळीत पाच किलोचा दाब असतो. तेवढाच जोर काढायचा तर व्हॅक्यूमचा सिलिंडर कितीतरी मोठा करावा लागतो. वाघिणीच्या पोटाखाली लटकणारा तो जाडजूड सिलिंडर 1955 ला हवाच. आणि अंगावर रिव्हेटच्या रांगा.

आता रंग. जुने फोटो पाहून रंग ठरवणारे इथे हमखास फसतात. 1931 ते 1956 या काळात हौशी फोटोग्राफरांच्या कॅमेऱ्यात कोडॅकची व्हेरिक्रोम फिल्म सर्रास असे. तिला लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नसे. लाल वस्तू त्या फिल्मवर काळ्याठिक्कर उमटत. तेव्हा वेरूळ-अजिंठ्याला निघालेल्या प्रवाशाने स्थानकावर फोटो काढला आणि त्यात मागची वाघीण काळी दिसली, तर ती काळीच होती असं म्हणता येत नाही. मालवाघिणींचा नेहमीचा रंग लालसर तपकिरी, म्हणजे आयर्न ऑक्साइडचा.

या रंगद्रव्याचा टिकाऊपणा पाहायला फार लांब जायला नको. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतली गेरूची लाली आयर्न ऑक्साइडचीच, आणि दीड हजार वर्षांनंतरही ती लालच आहे. लोखंडाचं ते आधीच ऑक्सिडाइज झालेलं संयुग. उन्हाने त्याचं आणखी काही बिघडत नाही. मग वाघीण विटते कशाने? बिघडतं ते रंगद्रव्य धरून ठेवणारं तेल. उन्हातल्या अतिनील किरणांनी तेलाचा थर तुटतो, पृष्ठभाग खडूसारखा होतो आणि त्यावर पडलेला प्रकाश विखुरतो. म्हणून जुनी वाघीण पिवळी किंवा करडी न पडता फिकट गुलाबीकडे झुकते. त्यावर ब्रेक-ब्लॉकच्या बिडाची तांबूस पूड चाकांजवळ, इंजिनाची काजळी छतावर, आणि खालच्या फळ्यांवर मराठवाड्याच्या काळ्या मातीची करडी धूळ. परदेशी पुस्तकांत वाघीण जुनी दाखवायला पिवळसर मातीचा हात मारायला सांगतात. ती माती बेसाल्टच्या पठारावर कुठून येणार?

एवढं जमवल्यावर मोजमाप. जगात सर्वाधिक चालणारं एचओ प्रमाण 1:87 आहे. त्याचा 16.5 मिलिमीटरचा रूळ युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटर गेजसाठी आखलेला. आपलं ब्रॉडगेज या प्रमाणात 19.3 मिलिमीटर भरायला हवं. ते बाजारात मिळत नाही, म्हणून बहुतेक जण 16.5 वरच भागवतात आणि सुमारे 14 टक्क्यांची चूक मुकाट्याने गिळतात. मीटरगेजवाल्याचं नशीब बरं. त्याला 11.5 मिलिमीटर हवेत आणि युरोपातल्या मीटरगेज मॉडेलांमुळे 12 चा रूळ तयार मिळतो. साडेचार टक्क्यांची चूक डोळ्याला कळत नाही.

डोळ्याला काय कळतं, याचंही गणित आहे. टेबलापासून 60 सेंटिमीटरवर उभं राहणं म्हणजे खऱ्या वाघिणीपासून 52 मीटरवर उभं राहणं. माणसाच्या नजरेची धार साधारण एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची. 52 मीटरवर त्या धारेत 15 मिलिमीटरची वस्तू जेमतेम सापडते. तीन सेंटिमीटर रुंद रिव्हेटचं डोकं दिसेल. दोन फळ्यांमधली सहा मिलिमीटरची फट दिसणार नाही. तरीही मॉडेलवर फट दाखवतात, कारण न दाखवली तर वाघीण प्लॅस्टिकची वाटते. रंगाच्या थराचंही भान लागतं: टेबलावर दिलेला 0.1 मिलिमीटरचा थर खऱ्या वाघिणीवर पावणेनऊ मिलिमीटर झाला असता. जाड हात मारला की रिव्हेट बुडालेच.

सगळ्यांनी हा खटाटोप करावा असं मुळीच नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं लघुरेल्वे संग्रहालय 1998 पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथल्या छोट्या शहरात सर्कसही आहे आणि देशोदेशीच्या गाड्या एकाच वेळी धावतात. त्याची खुमारी वेगळी. तिथे सालाची चौकशी करणारा माणूस मुलांनी बाहेर काढावा.

औरंगाबादची मीटरगेज 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात गेली. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर, आणि रुळांवर ब्रॉडगेजच्या मालगाड्या. त्यांतली बॉक्सएन ही उघडी वाघीण 1980 च्या दशकात आली. नावातला एन एअर ब्रेकचा. दोन कपलिंगांमध्ये लांबी 10.713 मीटर, भरलेलं वजन 81.28 टन. 1:87 ला लांबी येते 123 मिलिमीटर. वजनाला मात्र 87 चा घन लावावा लागतो, आणि तेही 123 ग्रॅम निघतं. निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला सोयीचा. अशा 58 वाघिणींची पुरी गाडी टेबलावर सात मीटरांहून लांब भरते. घरातल्या भिंती तेवढ्या नसतात.

आजची गाडी करणाऱ्याला 1955 वाल्यासारखं चाचपडावं लागत नाही. 2003 पासून वाघिणींना अकरा आकडी क्रमांक आहेत: पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक विभागाचे, मग दोन बांधणीच्या सालाचे, चार अनुक्रमाचे, आणि शेवटचा पडताळ्याचा. सम जागांवरच्या आकड्यांची बेरीज तिप्पट करायची, तिच्यात विषम जागांची बेरीज मिळवायची, आणि पुढच्या दहाच्या पटीपर्यंत जे कमी पडेल ते शेवटी लिहायचं. 2007123456 असा मनाने केलेला क्रमांक घ्या. सम जागांची बेरीज 19, तिप्पट 57, विषम जागांची 11, एकूण 68. म्हणजे शेवटी 2. मॉडेलवाल्याने शेवटचा आकडा अंदाजाने टाकला, तर दहापैकी नऊ वेळा तो चुकणार, आणि भिंगवाला पाहुणा मोबाईलवर बेरीज करून तसं सांगणार.