बर्फावरचा सडा

पहाटे ५.१५

थंडर बे, ऑन्टारियो. फेब्रुवारी २०२५. बाहेर उणे २४. घरमालकीणबाई गाडीच्या नाकातून लोंबणारी वायर प्लगमधून काढतात, गुंडाळतात. इंजिनाला रात्रभर ऊब दिली नाही तर सकाळी गाडी चालू होत नाही. मागच्या सीटवर बूट, डबा, थर्मास.

बाई एकसष्टीच्या. एरवी शाळेची बस चालवतात. या आठवड्यात बिनपगारी रजा टाकली आहे, कारण गावात महिलांची राष्ट्रीय कर्लिंग स्पर्धा आहे आणि बाई बर्फाच्या टोळीत आहेत. स्वयंसेवक. मजुरी शून्य. अंगातल्या जाकिटाचे पैसेसुद्धा स्वतःचे. मी त्यांच्या तळघरात भाड्याने राहते, किराणा दुकानात तासाला १७.२० डॉलरवर काम करते. आज माझी सुट्टी, म्हणून त्यांच्या मागे लागून आले.

पहाटे ५.५०

फोर्ट विल्यम गार्डन्स. १९५१ सालची इमारत. इथे एरवी आइस हॉकी चालते. आता हॉकीच्या बर्फावर चार लांब शीट आखल्या आहेत, प्रत्येक साधारण ४५ मीटर लांब, ५ मीटर रुंद. दोन्ही टोकांना रंगीत वर्तुळं. कर्लिंगमध्ये बर्फावरून दगड घसरवत या वर्तुळांत न्यायचा असतो.

बर्फाचा मुख्य कारागीर आधीच हजर. हा माणूस पगारी, स्पर्धेमागून स्पर्धा करत देशभर फिरणारा. तो गुडघ्यावर बसून बर्फाचं तापमान बघतो. उणे ५ च्या जवळपास हवं. मग हवेतला दमटपणा बघतो. दमटपणा वाढला की बर्फावर हिमाची बारीक लव धरते आणि दगड अडखळतो. आकडे वहीत लिहिले जातात. कोणी फार बोलत नाही.

सकाळी ६.१५

आधी खरवडणं. पाच फुटी पात्याचं यंत्र ढकलत न्यायचं. सुतार रंधा मारतो तसं, एकसारख्या दाबाने. कालचा खेळ या पात्याखाली भुसा होऊन निघतो. बाई मागून रुंद मॉप घेऊन चालतात. भुसा कडेला, कडेवरून बादलीत, बादली मागच्या दाराने बाहेर. बादल्या मी मोजल्या नाहीत, पण चौथ्या शीटपर्यंत बाई एकदा थांबून कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पुन्हा वाकल्या.

सकाळी ७.००

आता सडा. याला इथे पेबल म्हणतात, पण मला दुसरा शब्द सुचत नाही.

पाणी क्षार काढून शुद्ध केलेलं, आणि गरम. थर्मामीटर बुडवून बघितल्याशिवाय टाकीत ओतायचं नाही. ते भरून आणायचं काम बाईंचं. टाकी कारागिराच्या पाठीवर, हातात नळी, नळीच्या तोंडाला सुईच्या अग्राएवढ्या भोकांचं झारीसारखं डोकं. तो शीटच्या टोकाला उभा राहतो आणि उलटा चालू लागतो. हात डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. पाऊल आणि हात एका लयीत. मध्ये थांबायचं नाही, थांबलं की तिथे जास्त थेंब पडतात. थेंब पडतो तिथेच गोठतो. सगळ्या बर्फावर बारीक पुरळ उठते.

माझी आजी मिरजेजवळच्या घरात अंगणात सडा घालायची, तीही अशीच मागे मागे सरकत. आपण शिंपलेल्यावर आपलाच पाय पडायला नको.

गुळगुळीत बर्फावर दगड चिकटतो आणि जागीच मरतो. या पुरळावर तो तरंगतो. सगळा खेळ या थेंबांच्या डोक्यावर चालतो, आणि एका सामन्यात ती डोकी झिजून जातात. म्हणून दर सत्राआधी खरवडायचं, पुन्हा शिंपायचं.

तिसऱ्या शीटवर नळीतून एक मोठा थेंब गळला. मसुराच्या दाण्याएवढा. कारागीर थांबला नाही, त्याने नुसती मान हलवली. बाईंनी जागा नजरेने धरून ठेवली. तो पुढे गेल्यावर मोज्यांवर सरकत तिथे गेल्या, हातातल्या पात्याने थेंब मुळापासून उडवला. त्या दाण्यावर एखाद्या मुलीचा शेवटचा दगड भरकटला असता.

नंतर एक पातं थेंबांच्या टोकांवरून हलकेच फिरवतात. टोकं छाटली जातात, सगळे थेंब एका उंचीचे होतात.

सकाळी ७.४५

दगड. शीटला सोळा, एकूण चौसष्ट. अर्धे लाल मुठीचे, अर्धे पिवळ्या. एकेक अठरा-वीस किलोच्या घरातला. ग्रॅनाइट स्कॉटलंडच्या एल्सा क्रेग बेटावरचा किंवा वेल्समधल्या ट्रेफोर खाणीतला. रात्रभर ते बर्फावरच ठेवतात. उबदार दगड ठेवला तर खालचे थेंब विरघळतील.

बाई एक दगड आडवा करून तळ दाखवतात. मला वाटलं होतं तळ सपाट असेल. तो खोलगट आहे. बर्फाला टेकते ती फक्त एक अरुंद गोल कड, बांगडीपेक्षा बरीच मोठी. ती कड फार गुळगुळीत झाली की दगड वळत नाही. मग पॉलिश पेपरने तिला धार द्यावी लागते.

“म्हणजे जात्याला टाकी लावतात तसं,” मी म्हटलं. मग जातं काय, टाकी लावणारा काय करायचा, ते समजावत बसले. खुंट्याची जागा मुठीवर दाखवली. बाईंनी लक्ष देऊन ऐकलं. “पीठ भरड यायला लागलं की त्याला बोलवायचे का?” त्यांनी विचारलं. अगदी बरोबर. मग त्या फडक्याने पुढच्या दगडाची कड पुसू लागल्या. एक केस अडकला तरी दगड भरकटतो.

सकाळी ९.००

पहिलं सत्र. अठरा संघ आहेत, एका वेळी आठ खेळतात. गेल्या वर्षीच्या विजेत्या रेचल होमनचा संघ ‘टीम कॅनडा’ म्हणून. मुली दगड सोडतात, दोघी पुढे झाडू घासत धावतात. घासल्याने बर्फ किंचित तापतो आणि दगड लांब जातो. मागून घसा फाटेस्तोवर ओरडणं. बाई खेळ बघत नाहीत. दगड कुठे वळतो ते बघतात.

दुपारी १२.००

पुन्हा खरवडणं, सडा, छाटणं, दगड. सकाळी दोन तास लागले, आता त्याहून कमी वेळात. मधल्या पंधरा मिनिटांत सूप आणि डब्यातलं सँडविच. बाहेरची कॉफी दोन डॉलरच्या आसपास, म्हणून थर्मास. पण सँड्रा श्मर्लरच्या नावाच्या फाउंडेशनला बाई पाच डॉलर देतात. श्मर्लरने १९९८ मध्ये नागानोला ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं आणि २००० मध्ये छत्तिसाव्या वर्षी कॅन्सरने गेली. हा पैसा अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या यंत्रांसाठी जातो. बाईंचा धाकटा तसाच जन्मला होता. एवढंच सांगितलं त्यांनी.

स्पर्धेचं नाव टिश्यू पेपरच्या ब्रँडवरून आहे. बाईंचा नवराही कागदाच्या गिरणीत होता. त्याची मशीन बंद झाली तेव्हा बाईंनी बसचं लायसन्स काढलं.

दुपारी २.००

दुसरं सत्र. बाई खुर्चीत बसल्या बसल्या वीस मिनिटं झोपल्या.

संध्याकाळी ७.००

तिसरं. आता स्टँड भरलेत. गावची क्रिस्टा मॅककार्व्हिल खेळते आहे, नॉर्दर्न ऑन्टारियोची कर्णधार, पेशाने शिक्षिका. २०२२ मध्ये याच हॉलमध्ये ती अंतिम सामना हरली. तेव्हा कोविडमुळे प्रेक्षक मोजके होते. आज तिच्या प्रत्येक दगडाला पाय आपटले जातात, लाकूड घुमतं. मीही आपटले.

कारागिराची नजर मात्र आकड्यांवर. इतकी माणसं श्वास सोडतात, हवा तापते, दमट होते. तो कोणाला तरी खूण करतो. बर्फ थोडा आणखी गार केला जातो. पाचव्या एंडनंतरच्या, म्हणजे डावानंतरच्या, विश्रांतीत बाई मॉप घेऊन शीटची पूर्ण लांबी चालून जातात, परत येतात. टीव्हीवर तेव्हा जाहिराती असतात.

रात्री १०.१५

लोक गेले. पण प्रत्येक संघाची पाचवी खेळाडू आता बर्फावर उतरली आहे. दिवसभर ती बाकावर होती. रात्री उद्याच्या शीटवरचे दगड टाकून बघायचे, कोणता जास्त वळतो, कोणता लवकर थांबतो, जोड्या लावायच्या. एक विशीतली मुलगी एकच दगड पुन्हा पुन्हा टाकते. सोडते, उठते, चालत जाते, वहीत लिहिते, परत आणते. बाई रेषेजवळ उभ्या राहून घड्याळ दाबतात.

“साडेचौदा सेकंद,” बाई सांगतात.

“आणि मघाशी?”

“चौदा.”

मुलगी दगड उलटा करून कड बोटाने चाचपते. बाई फडकं पुढे करतात.

रात्री ११.००

खरवडायचं यंत्र चार्जिंगला. टाकी धुऊन उलटी टांगली आहे, खाली घडी घातलेला टॉवेल. बाईंनी टॉवेल थोडा डावीकडे सरकवला, थेंब बरोबर मधोमध पडतोय का ते वाकून पाहिलं आणि बूट घातले.