गोदातीरीचा जुना शृंगार

प्रीतीचा खट्याळ शृंगार चित्रपटांनी प्रथम दाखविला, असा अनेकांचा समज असला, तरी गोदावरीचा उल्लेख जिच्यात वारंवार येतो, ती पैठणच्या सातवाहन कुळातील हाल राजाच्या नावे प्रसिद्ध असलेली ‘गाथासप्तशती’ याच विषयाने ओतप्रोत भरलेली आहे. महाराष्ट्री प्राकृतातील या सुमारे ७०० गाथांत मान, रुसवा, प्रतारणा आणि मध्यस्थी करणाऱ्या चतुर सख्या आहेत. आणि दुरावून पुन्हा सांधलेले प्रेम तापवून निवविलेल्या पाण्यासारखे बेचव होते, हा रोखठोक अनुभवही आहे. परंतु मला सर्वांत मोहक वाटते ती पाणपोईवरची गाथा: तरुणीकडे टक लावून पाहणारा तहानलेला पथिक पाणी गळून जावे म्हणून ओंजळीची बोटे मुद्दाम विरळ करतो, आणि त्याचा हेतू ओळखून तीही पाण्याची धार अधिकाधिक बारीक करीत जाते. परस्परसंमतीचे इतके प्रसन्न चित्र क्वचितच आढळेल. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली सिद्ध केलेल्या मराठी आवृत्तीची विस्तृत प्रस्तावना जिज्ञासूंनी अवश्य वाचावी.