द्वारकेत सायकल चालवताना: रुंद रस्त्यांचे गणित

द्वारका म्हटले की मराठी वाचकाला आधी गुजरातची द्वारका आठवते. या पाठातली द्वारका दिल्लीच्या नैऋत्य टोकाला, विमानतळाच्या पश्चिमेला आहे. पूर्वी या प्रकल्पाला पप्पनकलां म्हणत. दिल्ली विकास प्राधिकरणाने, म्हणजे डीडीएने, सेक्टर पाडून हे उपनगर वसवले. येथे नेताजी सुभाष तंत्रविज्ञान विद्यापीठ, गुरू गोविंद सिंग इंद्रप्रस्थ विद्यापीठ आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठ असल्याने महाराष्ट्रातूनही विद्यार्थी येतात. त्यांचा एक नेहमीचा प्रश्न असतो: इथे सायकल घ्यावी का, आणि घेतली तर ती कशी चालवावी?

पुण्याच्या पेठांत किंवा ठाण्याच्या स्टेशनभागात सायकल चालवलेल्या माणसाला द्वारका पहिल्या दिवशी स्वर्ग वाटते. रस्ते सपाट, सरळ आणि रुंद आहेत, चढ जवळजवळ नाही, बाजूला झाडे आहेत. मात्र पेठेत गर्दीमुळे कोणालाच वेगाने जाता येत नाही आणि ती गर्दीच सायकलस्वाराला सांभाळून घेते. द्वारकेचा मोकळा, तीन पदरी रस्ता मोटारीला वेग देतो. म्हणून येथील बहुतेक व्यावहारिक प्रश्नांची उत्तरे शोधताना गर्दीपेक्षा वेगाचा विचार आधी करावा लागतो.

सायकलीने किती लांब जावे?

साधी सायकल, साधा स्वार आणि मधले एक-दोन सिग्नल धरले तर ताशी १२ ते १५ किलोमीटर हा वेग धरून चालावे. म्हणजे ३ किलोमीटरला १२ ते १५ मिनिटे. द्वारकेतून कनॉट प्लेस रस्त्याने वीस किलोमीटरहून दूर आहे. रोज तेवढे जाणारे सायकलस्वार आहेत, पण नवख्याने तो हिशेब धरू नये. सायकलीचा खरा उपयोग वसतिगृह ते वर्ग, घर ते बाजार आणि मुख्य म्हणजे घर ते मेट्रो स्टेशन एवढ्या टप्प्यांत आहे.

मेट्रोची ब्लू लाइन ३१ डिसेंबर २००५ रोजी द्वारकेपर्यंत आली. तिची स्टेशने द्वारका, सेक्टर १४, १३, १२, ११, १०, ९, ८ अशी उतरत्या क्रमाने येतात आणि ८ नंतर एकदम २१ येते. सेक्टरचा आकडा पाहून अंतराचा अंदाज बांधणारा येथे हमखास फसतो, म्हणून पहिल्या आठवड्यात नकाशा पाहिलेला बरा. सेक्टर ३ मधल्या तंत्रविज्ञान विद्यापीठाला द्वारका मोड हे स्टेशन सोयीचे पडते. ते अंतर रोज चालायला कंटाळवाणे असले तरी सायकलीला दहा मिनिटांचे आहे. दिल्ली मेट्रोच्या डब्यात अख्खी सायकल नेता येत नाही, त्यामुळे ती स्टेशनवरच ठेवावी लागते. पार्किंग रात्री किती वाजता बंद होते आणि मासिक पास मिळतो का, हे आधी विचारून घ्यावे.

वेगाचे गणित

चालकाला समोर अडथळा दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद जातो असे धरू. या दीड सेकंदात गाडी पूर्वीच्याच वेगाने पुढे जाते. ब्रेक लागल्यावर कोरड्या डांबरावर तिचा वेग दर सेकंदाला सेकंदी ७ मीटरने घटतो असे मानू. तर थांबायला लागणारे एकूण अंतर असे येते:

ताशी ३० किमी: १२.५ + ५ = सुमारे १७.५ मीटर
ताशी ४० किमी: १६.७ + ८.८ = सुमारे २५.५ मीटर
ताशी ६० किमी: २५ + १९.८ = सुमारे ४५ मीटर

आता समजा, गाडीपासून ३० मीटरवर एक सायकल अचानक आडवी आली. चाळिसाच्या वेगाची गाडी तिच्या अलीकडे थांबेल. साठच्या वेगाची गाडी पहिले २५ मीटर ब्रेक न लागताच ओलांडेल, उरलेल्या ५ मीटरमध्ये तिचा वेग थोडाच घटेल आणि ती ताशी सुमारे ५२ किलोमीटरने आदळेल. (पडताळून पाहा: सुरुवातीचा वेग सेकंदी १६.७ मीटर, त्याच्या वर्गातून २ × ७ × ५ वजा करून वर्गमूळ काढा.) म्हणजे चालकाच्या वेगात विसाचा फरक पडला की सायकलस्वाराच्या बाबतीत तो घाबरून घरी जाणे आणि रुग्णालयात जाणे एवढा होतो.

सायकल त्याच दिशेने चालत असेल तर मागच्या गाडीला पूर्ण थांबायची गरज नसते, वेग कमी केला तरी पुरते. ही सवलत सरळ जाणाऱ्या सायकलीला मिळते, अचानक वळणाऱ्या सायकलीला मिळत नाही. सरळ रेषेत चालवा, खड्डा चुकवायचा असेल तर दुरूनच हळूहळू बाजूला व्हा, हात दाखवा, मागे पाहा, या सगळ्या सूचनांचे मूळ येथे आहे. उभ्या मोटारींपासून एक मीटर अंतर ठेवावे तेही याच कारणाने. दार अचानक उघडले तर स्वार उजवीकडे फेकला जातो, आणि उजवीकडे वाहती रहदारी असते.

चौक

सरळ रस्त्यापेक्षा चौक अधिक धोक्याचा, आणि द्वारकेचे चौक मोठे आहेत. एका बाजूचे तीन पदर प्रत्येकी साडेतीन मीटरचे धरले तर रुंदी १०.५ मीटर होते. सायकलीची लांबी सुमारे २ मीटर. म्हणजे उभ्या सायकलीला पूर्ण पार व्हायला १२.५ मीटर जावे लागते. सामान्य स्वार सुरुवातीला सेकंदी अर्धा मीटर प्रति सेकंद एवढे त्वरण देतो असे धरले, तर त्याला ७ सेकंद लागतात. साठच्या वेगाची गाडी एवढ्या वेळात ११८ मीटर पुढे येते. दुभाजकाच्या फटीत उभे राहून ‘ती गाडी लांब आहे’ असे म्हणणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. ११८ मीटर म्हणजे क्रिकेटच्या जवळजवळ सहा खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्याएवढे अंतर. इतक्या दुरून येणाऱ्या गाडीचा वेग डोळ्यांनी नीट जोखता येत नाही, रात्री दिवे पाहून तर नाहीच. त्यामुळे सिग्नल नसलेल्या फटीतून पार होण्यापेक्षा पुढच्या सिग्नलपर्यंत जाणे परवडते.

उजवीकडे वळायचे असेल तर मोटारसायकलवाले करतात तसे तीन पदर कापत उजव्या कडेला सरकू नये. दोन टप्प्यांत वळावे. डाव्या कडेने सरळ चौक पार करावा, पलीकडच्या कोपऱ्यावर थांबून सायकलीचे तोंड वळवावे आणि त्या दिशेचा सिग्नल हिरवा झाला की निघावे. एखादा मिनिट जास्त जातो. अगदी गोंधळाच्या चौकात सरळ उतरून पादचाऱ्यांबरोबर सायकल हातात धरून पार व्हावे. त्यात कमीपणा काही नाही.

डावीकडे सिग्नलशिवाय वळू देणारी मार्गिका, जिला दिल्लीकर ‘फ्री लेफ्ट’ म्हणतात, ही सरळ जाणाऱ्या सायकलीची सर्वांत अवघड जागा. आपण डाव्या कडेला असतो आणि डावीकडे वळणारी गाडी आपल्याला कापून जाते. तेथे अगदी कडेला चिकटून राहू नये. मागे पाहून, हात दाखवून थोडे आत यावे, म्हणजे मागचा चालक शेजारून घुसण्याऐवजी मागे थांबतो. बस किंवा टँकर वळत असेल तर त्याच्या डाव्या बाजूला कधीही जाऊ नये. वळताना लांब वाहनाची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने न जाता आतल्या बाजूने जातात, आणि तो आतला कोपरा चालकाला आरशात नीट दिसत नाही.

उलट दिशेने गेले तर?

द्वारकेत हा मोह फार होतो, आणि त्याचे कारण रस्त्यांच्या रचनेतच आहे. सोसायटीचे फाटक समोर दोनशे मीटरवर दिसते, पण दुभाजक ओलांडायची जागा बरीच पुढे असते. सुरक्षारक्षक, घरकामाला येणाऱ्या बाया, दूधवाले अशी रोज सायकल चालवणारी मंडळी एवढा वळसा घेत नाहीत. त्यांना नियम शिकवण्याआधी त्या वळशाची लांबी मोजावी, असे माझे मत आहे.

तरीही गणित बदलत नाही. ताशी १५ ने जाणारी सायकल आणि ५० ने येणारी मोटार एकाच दिशेने असतील तर त्यांच्यातले अंतर ताशी ३५ च्या वेगाने कमी होते. समोरासमोर असतील तर ६५ च्या. ५० मीटर अंतर मिटायला पहिल्या स्थितीत ५ सेकंद मिळतात, दुसऱ्यात जेमतेम पावणेतीन. शिवाय फाटकातून डावीकडे बाहेर पडणारा चालक उजवीकडे पाहतो, कारण रहदारी तिकडूनच यायला हवी. उलट दिशेने येणारा सायकलस्वार त्याच्या नजरेतच नसतो. दोनशे मीटर सायकल पदपथावरून हातात धरून नेली तर तीन मिनिटेही लागत नाहीत.

ट्रॅक असताना लोक रस्त्यावर का?

द्वारकेत काही रस्त्यांच्या कडेला सायकल ट्रॅक आहेत, तरी अनेक स्वार मुख्य रस्त्यानेच जाताना दिसतात. ट्रॅकवर मोटारी लागलेल्या असतात, मध्येच खांब येतो, प्रत्येक फाटकापाशी पातळी बदलते आणि चौक जवळ आला की ट्रॅक संपतो. धोका सर्वांत जास्त तेथेच असतो. रिकामा ट्रॅक पाहून ‘लोकांना सायकल नकोच आहे’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे अर्धा पूल बांधून त्यावरून कोणी जात नाही म्हणून तक्रार करण्यासारखे आहे. दक्षिण दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद या बीआरटी मार्गावर २००८ मध्ये वेगळे सायकल ट्रॅक सलग दिले होते. मोटारसायकली त्यांत शिरत, पण सायकलवालेही ते वापरत. पुढे तो मार्गच मोडून टाकला गेला. २०१५ मध्ये दिल्ली सरकारने मोटारमुक्त दिवस सुरू केला. पहिला २२ ऑक्टोबरला लाल किल्ला ते इंडिया गेट असा झाला आणि दुसरा २२ नोव्हेंबरला द्वारकेत. एका सकाळच्या सायकल फेरीला लोक येतात. पण सोमवारी कामावर जाणाऱ्याला फेरी नको, सलग रस्ता हवा असतो.

२०११ च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक कामावर सायकलीने जात होते. ट्रॅकचा आराखडा करताना छंद म्हणून चालवणाऱ्यापेक्षा हा स्वार डोळ्यांसमोर असायला हवा.

धुके आणि हवा

डिसेंबर-जानेवारीत पालमची दृश्यता रोज बातम्यांत येते. पालम द्वारकेला लागूनच असल्यामुळे तो आकडा आपल्याच रस्त्याचा समजावा. दृश्यता ५० मीटर आणि गाडी साठच्या वेगाने असेल, तर वरच्या हिशेबाप्रमाणे ती जेमतेम ४५ मीटरमध्ये थांबते, तीही रस्ता कोरडा असेल तर. मागे लाल दिवा, पेडलला आणि आऱ्यांना परावर्तक, आणि फिकट रंगाचे जाकीट एवढे हवेच. दाट धुक्यात मात्र एक तास उशिरा निघणे हाच उपाय.

हवेसाठी सेक्टर ८ मध्ये आणि तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या आवारात मापन केंद्रे आहेत. त्यांचे आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर दिसतात. निर्देशांक ३०१ ते ४०० ‘अत्यंत वाईट’ आणि ४०१ च्या पुढे ‘गंभीर’ समजतात. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची थंड हवा वर मिसळत नाही, म्हणून धूर खालीच साचतो. दुपारी थोडा फरक पडतो. सायकल चालवताना माणूस बसलेल्यापेक्षा कित्येक पट हवा आत घेतो. गंभीर दिवशी मेट्रो बरी, जावेच लागले तर एन-९५ मुखपट्टी घट्ट बसवून आणि सावकाश. मे-जूनच्या उन्हाला मात्र उलटा नियम: पहाटे निघावे, दुपारी नाही.

कुलूप आणि कागद

कुलूप चाकाला नको, सांगाड्यातून आणि पक्क्या लोखंडी कठड्यातून घालावे. पेडलांच्या आसाखाली कोरलेल्या क्रमांकाचा फोटो आणि खरेदीची पावती जपून ठेवावी. चोरी झाल्यास दिल्ली पोलिसांच्या संकेतस्थळावर ई-एफआयआर करता येते, तेव्हा हे लागते. साध्या सायकलीला परवाना किंवा नोंदणी लागत नाही.

अपघात झालाच तर

हा भाग वर्गात क्वचितच सांगितला जातो. सायकलीचा विमा नसतो, म्हणून आपल्याला काही मिळणार नाही असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. धडकणाऱ्या मोटारीचा तृतीय पक्ष विमा सायकलस्वाराला लागू होतो, आणि त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूस २ लाख आणि गंभीर इजेस ५० हजार रुपये भरपाई मिळते. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या रोकडरहित उपचार योजनेत मोटारीच्या अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. मदत करणाऱ्या वाटसरूला मोटार वाहन कायद्याचे कलम १३४-अ संरक्षण देते. त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

हे सगळे मिळण्यासाठी अपघाताची पोलिसांत नोंद हवी. ११२ वर फोन करावा, गाडीचा क्रमांक जवळच्या माणसाला मोठ्याने सांगून लिहून घ्यायला लावावा, सायकल हलवण्याआधी रस्त्याचा फोटो काढावा, आणि लागले नाही असे वाटले तरी त्याच दिवशी तपासून घेऊन रुग्णालयाचा कागद घ्यावा. डोक्याचा मार कधीकधी दुसऱ्या दिवशी कळतो.